बिनशेपटाची गाडी

पंच्याऐंशी सालच्या पाडव्याला मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं, आणि चहा होईपर्यंत ते ठेवलंही. (आमच्या पोशीरमध्ये हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. चहा जरा लवकर झाला होता, एवढं मात्र खरं.)

तोंड बंद ठेवायचं कारण म्हणजे माझा साडू, पोपट. माझी बायको आवडी आणि त्याची बायको गोदा या सख्ख्या बहिणी. दोघी एकाच आळीत दिलेल्या, आणि दोन घरांच्या मध्ये निरगुडीचं कुंपण. त्या कुंपणातून मी पंचवीस वर्षं पोपटकडे बघत आलोय. लग्नात त्यानं घातलेला कोट मागून आणलेला होता, आणि तो माझा होता. पुढे त्यानं वीटभट्टी टाकली. नेरळला बंगले उठायला लागले तशी पोपटची वीट खपायला लागली. आधी रेडिओ आला, मग फटफटी, मग घरावर स्लॅब. तेवढ्याच काळात माझ्या घरात दोन शेळ्या आल्या, आणि त्यातली एक परत गेली. कोट मात्र परत आला नाही.

आणि त्या पाडव्याला आली गाडी. ती नवीन निघालेली, छोटी, पांढरी. नंबर लावून वर्षभर वाट बघायची तेव्हा मिळायची ती. कल्याणचा एक भाड्याचा ड्रायव्हर घेऊन आला, कारण पोपटला चालवता येत नव्हती. दारात गुढी, गुढीखाली गाडी, आणि गाडीभोवती अख्खी आळी. कुणी काचेत भांग पाडतंय, कुणी चाकाला लाथ मारून हवा बघतंय. आणि माझी आवडी! तिनं बोनेटवरून हात फिरवला. असा हळूच, तान्ह्याच्या गालावरून फिरवतात तसा. माझ्या गालाला तिचा हात पंचवीस वर्षांत एकदाच लागला, आणि तेव्हा गालावर गांधीलमाशी बसली होती.

इथे माझा चहा संपला.

"हिचं शेपूट कुटाय?" मी विचारलं.

"कुनाचं?" पोपट म्हणाला.

"गाडीचं."

"गाडीला शेपूट आसतं व्हय, नामाभाव?"

"आसतं म्हंजे? आमच्या रावसला व्हतं!"

झालं. रावस निघाली म्हणजे आळीतल्या माणसांनी बूड टेकायचं, ही रीत होती. मी सुरू केलं. सत्तावन साली मी एका मुंबईच्या शेटच्या गाडीवर होतो. अमेरिकेची गाडी. तिचं नाव इतकं लांब की ते म्हणेपर्यंत गाडी खोपोलीला पोचायची, म्हणून मी तिला रावस म्हणायचो. वरून मलईसारखी पांढरी, खालून भाताच्या रोपासारखी हिरवी. मागे दोन्ही बाजूंना वर निघालेले दोन पर, परांच्या टोकाला तांबडे दिवे. जणू मासा आताच पाण्यातून उसळलाय. बंपर असा की त्यात बघून दाढी करावी. (मी केलेली आहे.) टायरांना पांढरे पट्टे, साहेबाच्या पायातल्या मोज्यासारखे. आणि बोनेट? समोरून म्हैस आली तर ती आधी बोनेटला दिसायची, मग मला.

"आन ही बगा," मी म्हणालो. "पुढून साबनाची वडी, मागून बिस्कुटाचा डबा. येतेय का जातेय तेच कळत नाय!"

लोक हसले. पोपटचं तोंड उतरलं. मला फार बरं वाटलं.

"आन नामाभाव, रावस चालवायची कशी?" गजानं मुद्दाम विचारलं. (गजा म्हणजे आमच्या आळीत अजून बैल ठेवून असलेला एकमेव माणूस. त्याला ही गोष्ट पाठ होती, पण शेवट ऐकल्याशिवाय तो उठायचा नाही.)

मी उजव्या हाताची करंगळी वर केली. "हिनं! निस्त्या हिनं! येवडं जबरदस्त इंजान, पन चाक या करंगळीवर फिरायचं. दुसरा हात खिडकीत. तोंडात शीळ."

आवडी पदर तोंडाला लावून घरात गेली. रावसची गोष्ट करंगळीपर्यंत आली की ती अशीच आत जायची. मला वाटायचं, नवऱ्याच्या अभिमानानं बाईला भरून येतं.

तिथेच थांबलो असतो तर मी आज सुखात असतो. पण दुपारी कुंपणापलीकडून गोदाचा आवाज आला.

"ताई, सांजच्याला गावदेवीला नारळ फोडायला गाडीतनं जायचं हां. तू म्होरं बस, डायवरच्या बाजूला. मोठीचा मान हाय."

आवडीनं ताबडतोब ट्रंक उघडली आणि ठेवणीतलं लुगडं काढलं. माझ्याबरोबर कर्जतच्या बाजाराला येते तेव्हा या लुगड्याला ट्रंकेतली हवा मानवते. आता बिस्किटाच्या डब्यात बसायला मात्र ते बाहेर! वर मला म्हणते, "आवो, माझा गजरा सुकलेला दिसतो का बगा जरा."

माझ्या पोटात कशाची भट्टी पेटली ते विचारू नका. पोपटच्या भट्टीला तेवढा जाळ लागत असता तर त्याला कोळसा विकत घ्यावा लागला नसता.

मी उठलो आणि पोपटच्या ओटीवर गेलो. पोपट गावदेवीच्या देवळाकडे तोरणं बांधायला गेला होता. कल्याणचा ड्रायव्हर एकटाच श्रीखंड खात बसला होता.

"पावनं, नेरळवरनं परतीची गाडी कितीची धरनार?" मी विचारलं.

"सहाच्या पुढची. देवळात जाऊन येतो, मग निघतो."

"आरं देवा!" मी कपाळाला हात लावला. "आज सन हाय ना? आज सहाच्या पुढची नसते. चारची गेली का एकदम उद्या सकाळी."

(लहानपणी शाळेत गणित येत नव्हतं म्हणून मास्तरांचं घड्याळ पुढे केलं होतं, तेव्हापासून मला वेळापत्रकं बदलायची सवय. शाळा चौथीत सुटली. सवय राहिली.)

ड्रायव्हरनं चप्पल शोधली, किल्ली गोदाच्या हातात दिली आणि "पुढच्या रविवारी येतो" म्हणत नेरळच्या रस्त्याला पळत सुटला. त्याची श्रीखंडाची वाटी अर्धीच राहिली होती. ती मी वाया जाऊ दिली नाही.

पाच वाजता पोपट आला आणि त्याला कळलं की ड्रायव्हर गेला. मी कुंपणाला टेकून सुपारी चघळत उभा होतो. नाटकाला पुढची खुर्ची मिळाल्यासारखं वाटत होतं.

"मग काय झालं? ढकलत नेऊ देवळापातूर," पोपट म्हणाला. "दोनशे पावलं तर हायेत."

"हात लावशील तर बग!" धोंडूबाई कडाडली. धोंडूबाई म्हणजे आळीतली सगळ्यात जुनी म्हातारी. कुठल्या देवाला काय चालतं आणि काय चालत नाही, हे देवांना नसेल ठाऊक, पण तिला असायचं. "नवं वाहन दिस मावळायच्या आत लिंबावरनं चालून गावदेवीला ग्येलं पायजे. बैलगाडी आसू दे नायतर मोटार. आन ते ढकलायचं नाय! तुझी फटफटी ढकलत नेलीस ना पयल्या दिशी? मग?"

पोपटची फटफटी आठ वर्षं झाली तरी ढकलल्याशिवाय सुरू होत नव्हती.

"दिस मावळला तर?" त्यानं बारीक आवाजात विचारलं.

"मग इकून टाक."

पोपट मटकन पायरीवर बसला. चाकांखाली चार लिंबं तशीच. खरं सांगतो, मला त्याची दया आली. म्हणजे यायला लागली होती. तेवढ्यात गोदा उभी राहिली.

"आगं बया! पन भावजी हायेत की!"

सगळी आळी वळून माझ्याकडे बघायला लागली. मी मागे वळून बघितलं, तर मागे फक्त शेळी.

"करंगळी!" गजा ओरडला. "नामाभावची करंगळी हाय!"

"नाय... म्हंजे माझं लायसन जुनं झालं," मी म्हणालो.

"गावदेवी मागतेय व्हय लायसन?" धोंडूबाई म्हणाली.

"मला मोठ्या गाडीची सवं. ही बारकी."

"मग तर सोपंच की!"

"सकाळधरनं पाय दुखतोय माझा."

"पायाचं काय काम? करंगळीनं चालवतोस ना?"

पोपट येऊन माझे हात धरायला लागला. "साडूभाव, सकाळी बोललात ते इसरलो मी. तेवडी इज्जत राखा."

त्याच्या इज्जतीचं मला काय पडलं होतं? पण तेवढ्यात आवडी बाहेर आली. लुगडं नेसून, गजरा माळून. ती सरळ गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखी. आणि काचेतून म्हणाली, "बसा की. पंचवीस वर्सं ऐकतेय. आज बगू तरी द्या."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? खरं ते सांगून टाकतो.

सत्तावन साली मी खालापूरच्या अलीकडे, मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका चहाच्या हॉटेलात कपबशा धुवायला होतो. एका दुपारी ती रावस दारात आली, वाफ सोडली आणि बंद पडली. शेट मागून आलेल्या दुसऱ्या मोटारीत बसून निघून गेले. गाडी दोन मैलांवर खालापूरच्या गॅरेजात न्यायची होती. कुठूनतरी एक बैलजोडी आणली, बंपरला दोर बांधला. पण रावसचा ड्रायव्हर चाकावर बसेना. पांढरा कडक युनिफॉर्म, डोक्यावर टोपी. म्हणाला, "बैलांच्या मागे चाक धरून बसलेला मला कुणी ओळखीच्यानं बघितलं तर मी मुंबईत तोंड काय दाखवू? तू बस रे. फक्त सरळ धर." आणि तो स्वतः पुढे, त्या गाडीशी आपला काही संबंध नाही अशा थाटात चालायला लागला.

मी बसलो. दोन मैल. एक हात चाकावर, एक खिडकीत. रस्ता सरळ असल्यामुळे करंगळी पुरत होती, एवढं मी खोटं सांगत नव्हतो. बैलवाल्याकडे मी ढुंकूनही बघितलं नाही. पुढे डाव्या हातात कासरा दोनदा गुंडाळून, डोक्यावर पंचा टाकून कुणीतरी चालत होतं, त्याची पाठ तेवढी दिसत होती, ते कोण ते बघितलं नाही. माझे डोळे बोनेटवरच्या निकेलच्या चिमणीवर. दोन बैलांची ताकद, पण मला काय ती दोनशे घोड्यांची वाटत होती.

एवढीच माझी ड्रायव्हरी. बाकीचं इंजिन मी गोष्टीत हळूहळू घातलं. दर वर्षी थोडं थोडं.

तर मी पोपटच्या गाडीत बसलो. खाली बघितलं तर पायाशी तीन पट्ट्या. रावसला दोनच होत्या. माणसाला पाय दोन, आणि या शहाण्यांनी पट्ट्या केल्या तीन!

"किल्ली फिरवा," आवडी म्हणाली.

"म्हाईत हाय मला."

मी किल्ली फिरवली. ड्रायव्हरनं गाडी गिअरमध्ये टाकून ठेवली होती, हे मला पुढच्या रविवारी कळलं. बेडकावर पाय पडावा तशी गाडी उडाली. फच्च! लिंबं फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घाबरून एका पट्टीवर पाय दाबला. ती थांबायची पट्टी नव्हती. मग तोच पाय आणखी जोरात दाबला.

"आवो, देऊळ उजवीकडं!" आवडी म्हणाली.

"म्हाईत हाय!"

"मग डावीकडं का चाललोय?"

"वळसा घेतोय!"

हाताला धरायला काहीतरी हवं म्हणून मी हॉर्न धरला होता. कोंबड्या उडाल्या. निरगुडीचं कुंपण आडवं झालं. (पंचवीस वर्षं मी ज्यातून बघत होतो, ते.) शेळी दोर तोडून गेली ती तिसऱ्या दिवशी सापडली. आणि माझ्याच परसातला, मी चार दिवस रिकामा करायचा टाळलेला उकिरडा समोरून येताना दिसला. गाडीचं बोनेट आखूड होतं, म्हणून तो मला वेळेवर दिसला. काही उपयोग झाला नाही.

गाडी नाकासकट उकिरड्यात घुसली आणि बंद पडली. हॉर्न चालू होता.

"हार्न सोडा आदी," आवडी म्हणाली.

मी सोडला. ती शांतपणे दार उघडून उतरली, लुगडं वर खोचलं आणि उकिरड्यातून चालत बाहेर गेली. गजरा तसाच होता.

आळी धावत आली. पोपट रडायच्या बेतात. गाडीला एक ओरखडाही नव्हता, उकिरडा मऊ होता, पण पुढून ती आता पांढरी राहिली नव्हती.

"संपलं!" पोपट म्हणाला. "आता ढकलल्याबिगर निघत नाय. धोंडूमावशी, इकून टाकू का?"

धोंडूबाईनं सूर्याकडे बघितलं. मग उकिरड्याकडे, मग गजाच्या गोठ्याकडे.

"ढकलू नको म्हनलं व्हतं मी. वढू नको आसं कवा म्हनलं? गजा, जा, बैल आन. नंदी वढून नेतोय देवीच्या दारात, याच्यावानी शकुन नाय. आन शेनाची लक्ष्मी आपसूकच लागलीय तोंडाला!"

पोपटचा चेहरा एकदम उजळला. बघा आता! माझ्या उकिरड्यात पडूनसुद्धा याचं चांगभलं!

गजानं बैल आणले, मागून दोर बांधून गाडी उकिरड्यातून काढली, मग पुढून दोर बांधला. बैल त्या पांढऱ्या वस्तूला बुजत होते. गजाला आवरेनात.

"आन हिकडं," म्हणून आवडीनं कासरा घेतला. जिभेनं टक् टक् केलं. बैल कान पाडून गरीब झाले. बैलांना तिचा हात मानवतो हे मला ठाऊक होतं. का मानवतो, हे कधी विचारलं नव्हतं.

"चाकावर कुनीतरी पायजे," गजा म्हणाला.

कुणी पुढे येईना. मग मीच बसलो.

आणि काय सांगू! बैल चालायला लागले आणि सगळं जागच्या जागी आलं. पट्ट्यांची भानगड नाही, इंजिनाचा आवाज नाही. डावा हात मांडीवर, उजव्या हाताचं कोपर खिडकीत, आणि तिथूनच चाकाला करंगळी. गाडी केसासारखी सरळ. तोंडात आपोआप शीळ आली. लोक दोन्ही बाजूंनी बघत होते, आणि खरंच सांगतो, कौतुकानं बघत होते.

"बगा, बगा," मी ओरडलो. "म्हनलं नव्हतं? करंगळी!"

सूर्य खाली आला होता आणि समोरून डोळ्यांत जात होता. पुढे चालणाऱ्या आवडीनं गजाच्या खांद्यावरचा पंचा ओढला आणि डोक्यावर टाकला.

माझी शीळ बंद पडली.

ती पाठ. तो पंचा. तो कासरा, डाव्या हातात, दोनदा गुंडाळलेला.

देवळासमोर नारळ फुटला. पोपटनं मला मिठी मारली. सगळे प्रसादाकडे वळले तेव्हा मी आवडीला बाजूला घेतलं.

"आवडे, सत्तावन साली तू कुटं व्हतीस?"

"मामाकडं. खालापूरच्या बाजूला," ती म्हणाली. "मामाचीच बैलं व्हती ती."

तिचा मामा! आमच्या लग्नात तो माझ्याकडे बघून सारखा हसत होता, आणि निघताना म्हणाला होता, "जावईबापू, सरळ धरा हां." मला वाटलं होतं, संसाराबद्दल बोलतोय.

"म्हंजे तुला पयल्यापासनं ठावं व्हतं?"

"आवो, रावसची गोष्ट निघाली की हसू आवरायचं नाय. म्हनून तर आत पळायची."

"मग कदी बोलली का नायस?"

"सांगताना तुमी बरं दिसता," ती म्हणाली आणि खाली बघितलं.

माझी छाती फुगली. देवळासमोर, शेणानं भरलेल्या पायांनी, मी पुन्हा बावीस वर्षांचा झालो. म्हटलं, गेली पोपटची गाडी खड्ड्यात (गेली होतीच). या बाईनं मला तेव्हा रावसच्या चाकावर बघितलं, मनात धरलं, आणि तीन वर्षं माझीच वाट बघितली!

"म्हंजे तवाच मी तुझ्या मनात भरलो व्हय?" मी हळूच विचारलं.

"तुमी?" आवडीनं पंचा झटकला. "तुमच्याकडं तर माझी पाठ व्हती. तो डायवर माझ्यासंगं म्होरं चालत व्हता ना! पांढरे कपडे, टोपी. उंच किती! दोन मैल बोलत व्हता. पेपरमिटच्या गोळ्या दिल्या त्यानं मला, अख्खी पुडी."

"आन मग?"

"मग काय? तीन वर्सांनी मामा म्हनाला, 'त्या शेटच्या गाडीवरला पोरगा हाय, करतीस का?' मी लगेच हो म्हनलं."

"आन?"

"आन काय? अंतरपाट काडला तवा बगितलं, तर हे तुमी."

त्यानंतर पोपटच्या गाडीवर जळणं मी सोडून दिलं. खुशाल फिरू दे. चाललाच तर हॉर्नही वाजवू दे. मला आता पुरेसं काम आहे. मुंबईत कुठेतरी एक उंच म्हातारा असेल, पांढऱ्या कपड्यांचा, त्याचं नावही मला ठाऊक नाही.

परवा आवडीनं दुकानातून पेपरमिटच्या गोळ्या आणायला सांगितल्या. मी सांगितलं, दुकान बंद हाय.